मुनीराची खरखर

ही ऐकीव गोष्ट नाही. पौडच्या बाजारपेठेतल्या अलाउद्दीनभाईंच्या घरात, १९८८च्या उन्हाळ्यात, भरदुपारी घडलेली आहे. त्यांनी स्वतः सांगितली, तशीच सांगतो.

त्यांची बायको मुनीरा दम्यानं गेली. मागे राहिली सात वर्षांची आबेदा... आणि एक कॅसेट.

कॅसेटमध्ये मुनीरा लेकीला गोष्ट सांगत होती. ती ऐकल्याशिवाय आबेदाला झोप येत नसे.

त्या उन्हाळ्यात अलाउद्दीनभाईंचा धाकटा भाऊ हाफीज दुबईहून सुट्टीवर आला. सोबत मोठे स्पीकर आणि एक चकचकीत यंत्र.

"भाई, ह्ये डिजिटल हाय. आवाजाचं आकडं करतंय. नको त्ये गाळून टाकतंय."

इथं जरा नीट समजून घ्या. कॅसेटवरचा आवाज म्हणजे हात न उचलता ओढलेली रेघ. डिजिटल म्हणजे ठिपके. इतके जवळजवळ, की कानाला रेघच वाटते. पण कुठले ठिपके पुसायचे, ते यंत्र ठरवतं.

"भाभीच्या कॅसेटवर लई खरखर हाय. काढू का?"

"काढ," अलाउद्दीन म्हणाले. "पर जुनी कॅसेट जपून ठिव. कसम खा."

"खाल्ली, भाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं ऐकायला बसली.

आवाज धुतल्यासारखा स्वच्छ! मुनीरा जणू समोर बसून बोलत होती. अलाउद्दीनचे डोळे भरून आले.

आबेदा मात्र मागे सरकली.

"अब्बा... ही अम्मी न्हाई."

"येडी का काय? तिचाच आवाज हाय."

"ही श्वासच घेत न्हाई."

अलाउद्दीननी कान दिला...

वाक्य संपायचं. मग काहीच नाही. मग पुढचं वाक्य.

मग काहीच नाही.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. खरखर कॅसेटची नव्हतीच.

मुनीराच्या छातीची होती.

"जुनी लाव."

हाफीजनं जुनी कॅसेट मुठीत धरली.

"हाफीज, जुनी लाव!"

"भाई... तिच्यावर मी शिनेमाची गाणी भरली. म्हटलं, आता कुणाला लागतीया?"

"कसम खाल्ली व्हतीस तू!"

अलाउद्दीननी हात उगारला... आणि लाईट गेली.

पंखा थांबला. यंत्राचा लाल दिवा विझला.

आणि बंद स्पीकरमधून...

खर्र... खर्र...

शब्द नाहीत. नुसता श्वास.

"अम्मी?" आबेदा पुटपुटली.

श्वास स्पीकरमधून बाहेर आला. भिंतीच्या कडेनं सरकला. अलाउद्दीनच्या कानाशी येऊन थांबला. ओळखीचा. उबदार. त्यांनी दोन्ही हात पुढे केले...

तो पुढे निघून गेला.

हाफीज खोकला. एकदाच.

तेव्हापासून हाफीजची छाती खरखरते. पुण्याच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. दुबई सुटली ती सुटलीच.

आबेदा आता चुलत्याच्या खाटेशी झोपू लागली. झोपेत हाफीजची छाती खरखरते... थांबते... आणि त्या थांबण्यात पोर हळूच विचारते,

"मग?"

पुन्हा खरखर सुरू होते. पोर हसते.

अलाउद्दीन दाराशी बसून ऐकतात.

"कसम मोडली त्यानं, मुनीरा," एकदा ते न राहवून म्हणाले. "आन् तू त्याच्याकडंच गेलीस?"

खरखर थांबली. बराच वेळ थांबली...

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. खोल श्वास घेतला. कान देऊन ऐकलं.

छाती स्वच्छ होती.

अगदी स्वच्छ.