काचघरातली ब्यूक

"गाडी सापडली," हवालदार हेमी फोनवर म्हणाला. "पण तुला आवडेल अशा अवस्थेत नाही."

सोमवार होता. कल्याणीने ऑकलंडच्या ऑफिसात अर्धा कप कॉफी तशीच टेबलावर ठेवली आणि पुकेकोहे गावाचा रस्ता धरला. विमा कंपनीत चोरीच्या दाव्यांची चौकशी करण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. एरवी चोरीच्या गाडीचं तिला काही वाटत नसे. ही गाडी मात्र तिच्या ओळखीची होती.

१९७५ची ब्यूक. बाटलीहिरवा रंग, जवळजवळ सहा मीटर लांबी, पुढे सोफ्यासारखी एक सलग सीट आणि अमेरिकन पद्धतीने डावीकडे स्टिअरिंग. मराठी मंडळाचा गणपती दोन वर्षं त्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून आला होता. मालक सुरेशकाका, निवृत्त इंजिनियर, वय शहात्तर. पिंपरीच्या कारखान्यात असताना एका अमेरिकन तज्ज्ञाने त्यांना एकदा अशी गाडी खंडाळ्यापर्यंत चालवायला दिली होती. तो घाट त्यांच्या डोक्यातून कधी उतरलाच नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी दक्षिण बेटावरच्या तिमारूच्या एका विधवेकडून ही गाडी घेतली आणि धाकट्या बहिणीला शेजारी बसवून दोन दिवस चालवत घरी आणली. "गाडी चालत नाही गं, तरंगते," असं ते भेटेल त्याला सांगत.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी दुपारी, ती चोरीला गेल्याची तक्रार पोलिसांत आली. त्याच पहाटे कांद्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर सायकलवरून कामाला निघालेल्या टोंगा बेटांवरच्या सिओने नावाच्या मजुराला कोणीतरी उडवलं होतं. रस्त्यावर पडलेल्या काचा जुन्या अमेरिकन गाडीच्या दिव्याच्या निघाल्या. चोराने गाडी पळवली, माणूस मारला आणि गाडी लपवली, अशी पोलिसांची खात्री झाली.

गाडी सापडली ते काचघर टोमॅटोचं होतं आणि कित्येक वर्षं बंद पडलेलं. निम्म्या काचा फुटलेल्या, आत कमरेइतकं गवत. त्या गवतात ब्यूक उभी होती. पुढचा डावा दिवा गेला होता, बॉनेटच्या डाव्या कडेला खोल पोचा होता आणि बंपरला चिखल लागला होता.

"किया ओरा," हेमीने माओरीत नमस्कार केला. "गाडी हलवण्याआधी एकदा बघून घे. ठसे पुसलेत. डॅरिल म्हणून एक जण आत आहे आमच्याकडे. गाड्या चोरल्याबद्दल दोनदा शिक्षा भोगलेला. उंचीने बुटका आहे, आणि सीट बघ."

सीट पार पुढे ओढलेली होती. सहा फुटी सुरेशकाकांचे गुडघे तिथे मावलेच नसते.

"इग्निशन तोडलंय?" कल्याणीने विचारलं.

"नाही."

"मग किल्ली?"

"मालकाच्या स्वयंपाकघरात, खुंटीला. जुन्या गाड्या कशानेही सुरू होतात, असं आमच्यातले लोक म्हणतात."

कल्याणी उजवीकडच्या दारातून आत वाकली. सीटसमोरच्या गालिच्यावर तपकिरी डाग होता, त्याला नासक्या दुधाचा आंबट वास येत होता आणि त्यामागे अंधूकसा आल्याचा.

"ओल धरली असेल," हेमी म्हणाला.

तिने वाकून पुन्हा एकदा वास घेतला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सिओने सापडला तेव्हा कसा होता?"

"कुशीवर. वरचा गुडघा दुमडलेला, एक हात गालाखाली, हनुवटी जरा वर. झोपल्यासारखा. डॉक्टर म्हणतात, धडकेनंतर चाळीस एक मिनिटं जिवंत होता. वेळेवर अँब्युलन्स आली असती तर कदाचित वाचलाही असता."

"कंबर मोडली होती ना त्याची?"

"हो."

"मग तो स्वतः कुशीवर कसा वळला?"

हेमीने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यालाही पडला असावा, पण डॅरिल सापडल्यावर त्याने तो बाजूला ठेवला असावा.

सुरेशकाकांचं घर तिथून दीड किलोमीटरवर होतं. दार त्यांनीच उघडलं. मान थोडी कलती करून, तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत ते थांबले.

"काका, मी कल्याणी."

"अगं, ये ये," ते लगेच म्हणाले. "चोर मिळाला का?"

आत वसुंधराताई होत्या. काकांपेक्षा आठ वर्षांनी लहान, जेमतेम पाच फूट, गावात डॉक्टर. नवरा गेल्यापासून त्या भावाकडेच राहत. त्यांनी कल्याणीला बसायला सांगितलं आणि काकांच्या हातातली किटली घ्यायला गेल्या, पण काकांनी ती सोडली नाही. कपाच्या काठावर आतून बोट टेकवून त्यांनी चहा ओतला आणि बोटाला चटका बसल्यावर थांबले.

"गाडी सापडली," कल्याणी म्हणाली. "जुन्या काचघरात."

काकांचा चेहरा उजळला नाही. वसुंधराताईंनी साडीचा पदर सारखा केला. इथल्या फेब्रुवारीच्या उकाड्यातही त्यांनी तो गळ्याभोवती लपेटून घेतला होता. तो सरकला तेव्हा उजव्या खांद्यापासून गळ्याकडे गेलेला पिवळसर हिरवा वळ दिसला.

"हे काय लागलं?"

"दवाखान्यातल्या कपाटाचं दार."

"त्या रविवारी काय झालं, पुन्हा एकदा सांगाल का?"

"सांगण्यासारखं काय आहे?" वसुंधराताई म्हणाल्या. "सकाळी आम्ही घरीच होतो. दुपारी मी कपडे वाळत घालायला बाहेर गेले, तर गाडी नव्हती."

"काका, रविवारी तर तुम्ही गाडी घेऊन फिरायला जाता ना? पहाटे, रस्ते रिकामे असताना?"

काका काही बोलणार होते. "त्या रविवारी दादाला बरं नव्हतं," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही कधी चालवलीत ती गाडी?"

"मी? छे. उलट्या बाजूचं स्टिअरिंग. मी तिला कधी हातसुद्धा लावला नाही."

"चालकाच्या परवान्याचे कागद लागतील. तेवढे बघते."

काकांनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढून पुढे केली. पंच्याहत्तरीनंतर परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, तो वरच होता. दृष्टी योग्य, वाहन चालवण्यास हरकत नाही. खाली सही होती. आडनाव सासरचं असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नसावं, पण गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांवर कल्याणीने ती सही ढिगाने पाहिली होती.

"खरं तर मी याला म्हणत होते, क्लेम करू नकोस," ताई म्हणाल्या. "गेली तर गेली. याने मला न सांगता तुमच्या ऑफिसला फोन केला."

"केला," काका म्हणाले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

कल्याणी परत काचघराकडे गेली. ब्यूक ट्रकवर चढवायची तयारी चालली होती. तिने हेमीला पाच मिनिटं मागून घेतली. ती आधी डावीकडे स्टिअरिंगमागे बसली, पट्टा लावला, काढला. मग उजवीकडे बसून तसंच केलं. खाली उतरून ती सरळ हेमीकडे गेली.

"डॅरिलला सोडायची तयारी ठेव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती हेमीला घेऊन सुरेशकाकांकडे गेली. चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. हेमीला कळावं म्हणून तिने इंग्रजीत सुरुवात केली, पण दोन वाक्यांतच तिच्या तोंडून मराठी यायला लागलं. हेमीला सारं ती आधीच सांगून चुकली होती. तो वही मिटून बसला.

"गाडी किल्लीने सुरू झाली होती," कल्याणी म्हणाली. "आणि किल्ली परत खुंटीला आली. म्हणजे नेणारं माणूस याच घरातलं. सीट पुढे ओढलेली होती. काका तिथे बसू शकत नाहीत. ताई बसू शकतात. काचघरातून घरी चालत यायला वीस मिनिटं लागतात."

वसुंधराताईंनी पदर गळ्याशी धरला.

"सिओनेची कंबर मोडली होती, तरी तो कुशीवर होता. हात गालाखाली, हनुवटी वर, श्वास मोकळा राहील असा. असं चोर ठेवत नाही. ज्याच्या हाताला तीस वर्षांची सवय आहे तोच ठेवतो."

"बरोबर आहे," वसुंधराताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मीच होते. मी चालवत होते. दादा घरी झोपला होता. एकदा चालवून बघावी वाटली, म्हणून पहाटे काढली. तो मधे आला." त्यांनी पदर बाजूला केला. "कपाटबिपाट काही नाही. ब्रेक दाबला, गाडी चरात गेली आणि पट्टा बसला. हा बघ. याला काही विचारू नकोस. मला घेऊन चल."

त्यांनी मनगटं पुढे केलेली बघून हेमी उठायला लागला. कल्याणीने हाताने त्याला थांबवलं.

"ताई, इथल्या सगळ्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो आणि पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. तुमच्या रोजच्या गाडीतही तसाच येतो. म्हणून तुम्हाला वाटलं, हा वळ पुरावा होईल. ब्यूकमध्ये चालक डावीकडे असतो. त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. काल मी दोन्हीकडे बसून पाहिलं. उजव्या खांद्यावर वळ पडतो तो शेजारी बसलेल्याच्या."

ताईंनी पदर हळूहळू परत वर घेतला.

"तिथेच पायाशी चहा सांडलाय. आल्याचा. तुम्ही थर्मासमधून चहा ओतत होतात. सिओने रस्त्याच्या डाव्या कडेने जात होता, म्हणजे चालकाच्या अगदी नाकासमोर. उजाडलं होतं. डोळे असलेल्या कोणालाही तो दिसला असता." कल्याणी थांबली. पुढचं तिला काकांकडे बघून बोलवेना. "काकांना समोरचं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. मी दारात उभी होते, पण आवाज ऐकून त्यांनी मला ओळखलं. चहा बोटाने मोजून ओतला. आणि तरी दाखल्यावर तुमची सही आहे."

काकांनी मान खिडकीकडे वळवली.

"वहिनी गेल्यावर याने अंथरूण धरलं होतं," वसुंधराताई म्हणाल्या. "जेवायचा नाही. मग ही गाडी आली आणि हा उठून बसला. दीड वर्षाने डोळे गेले. मी काय करायला हवं होतं? किल्ली काढून घ्यायची होती? म्हटलं, पहाटे रस्त्यावर कोणी नसतं, मी शेजारी असेन. मी सांगायची, दादा, डावीकडे घे, दादा, आता सरळ. दीड वर्ष मीच त्याचे डोळे होते. एक कप ओतण्यापुरती मान खाली घातली."

"आणि नंतर?"

"खाली उतरले. नाडी होती. श्वास होता. कुशीवर घेतला." त्या आपल्या तळव्यांकडे बघत होत्या. "फोन हातात होता. अँब्युलन्ससाठी एक हा आकडा तीनदा दाबायचा. पण फोन केला की माझं नाव, मग दादाचं, मग तो दाखला. मला वाटलं, कांद्याच्या पॅकहाउसचा ट्रक येतो त्या वेळेला, तो बघेल. रविवारी तो ट्रक उशिरा येतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. दादाला म्हटलं, खांब होता, सरक, मी चालवते. याला यातलं काही माहीत नाही."

"वसू," सुरेशकाका म्हणाले.

खिडकीकडची मान त्यांनी वळवली नव्हती.

"खांब ओरडत नाही. ते मला ऐकू आलं होतं. तू म्हणालीस खांब, मी म्हटलं, बरं. आठ दिवस मी बरं म्हणत होतो. तुझ्या तोंडावर मला बोलता आलं नसतं, म्हणून हिच्या ऑफिसला फोन केला. म्हटलं, कोणीतरी येऊन विचारेल."

"दादा, मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे. तेच तर."

हेमीने दोघांना गाडीत बसवलं. काकांना पायरी उतरवून द्यायला वसुंधराताईंनी सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

डॅरिलला त्याच दुपारी सोडलं. त्याची माफी कोणी मागितल्याचं कल्याणीला कळलं नाही. पर्थला राहणाऱ्या काकांच्या मुलाला तिने तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्याने उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि तिकडून ठेवून दिला.

सिओनेच्या बायकोला सांगायला खरं तर हेमीनेच जायचं होतं. तो म्हणाला, "बरोबर चल." ती कामाला होती त्या पॅकहाउसमध्ये कांदे पट्ट्यावरून वाहत होते आणि बायका त्यातले सडके वेचून टाकत होत्या. सिओनेची बायको बाहेर आली, हातमोजे न काढता उभी राहिली. हेमीने तिला नावं सांगितली, गाडी सांगितली, म्हाताऱ्याचे डोळे सांगितले. ती ऐकत होती.

"लगेच गेला का तो?" तिने विचारलं.

हेमीने टोपी काढली. मग म्हणाला, "नाही."

"कोणी होतं का त्याच्याजवळ?"

तिने हे कल्याणीकडे बघून विचारलं. कल्याणीला खोटं बोलता आलं असतं.

"थोडा वेळ होतं," ती म्हणाली. "एक डॉक्टर होत्या."

बाईच्या चेहऱ्यावर क्षणभर दिलाशासारखं काहीतरी आलं. मग ते जायला लागलं, आणि ते जाताना कल्याणीला उभं राहून पाहावं लागलं.

"डॉक्टर होती?" ती म्हणाली. "मग?"

आत पट्टा चालूच होता. बाई आणखी थोडी थांबली, आणि मग आत आपल्या जागेवर निघून गेली.