सरासरीचा पाऊस

जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. सगळी पृथ्वी चौकटीच्या वहीसारखी आखली आहे. प्रत्येक चौकटीत थोडी हवा, थोडी वाफ. ही वही आहे कॉम्प्युटरच्या पोटात, आणि एक मुलगी त्याला विचारते आहे, काही वर्षांनी आपल्याकडे पाऊस किती पडेल? एकदा विचारून भागत नाही. सुरुवातीचा वारा दर वेळी केसभर बदलायचा आणि पुन्हा विचारायचं. हेच तिचं काम.

एका दुपारी, दार चुकून, एक तरुण तिच्या खोलीत शिरला. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"नकाशे इथे मिळतात?"

"ते वरच्या मजल्यावर. इथे पाऊस मिळतो."

"तो बाहेर फुकट मिळतोय," तो म्हणाला. मग थांबला... "पण मला पुढच्या पिढीचा हवाय."

तो इंजिनिअर होता. नदीकाठी पुराची भिंत बांधत होता. ती किती उंच करायची, ते पावसावर ठरणार होतं. तिने सगळ्या उत्तरांची सरासरी काढली आणि एक आकडा त्याच्या हातात ठेवला.

काम संपलं, तरी तो येत राहिला.

"पाऊसबाई, आज छत्री घेऊ का?"

"भिंतवाले, मी आजचं सांगत नाही. तुम्ही म्हातारे झाल्यावरचं सांगते."

"मग तेव्हा छत्री कोण धरणार, तेवढं सांगा."

ती कीबोर्डकडे बघत राहिली. कान मात्र गरम झाले होते.

आणि एका सकाळी, बैठकीसाठी, तिने सगळ्या उत्तरांचे नकाशे पहिल्यांदाच शेजारी शेजारी मांडले. निम्म्या नकाशांत पाऊस आणणाऱ्या वाऱ्यांचा पट्टा वर, उत्तरेकडे सरकला होता, पाऊस सोबत नेला होता आणि नदी आटली होती. उरलेल्यांत तोच पट्टा डोक्यावर ठाण मांडून बसला होता, आणि नदी काठ सोडून घरांत शिरली होती. तिने सांगितलेला बेताचा पाऊस एकाही नकाशात नव्हता. तो फक्त बेरजेतून निघाला होता.

भिंत जवळजवळ पुरी झाली होती. भिंतीमागच्या पहिल्याच घरात तो राहायचा, भाचीला घेऊन. बहीण परगावी नोकरीला होती.

तिने फोन उचलला... परत ठेवला. मग उठली आणि सरळ नदीकडे निघाली. पायांत गोळे आले, तरी थांबली नाही.

तो भिंतीपाशीच होता. विटांच्या ढिगावर भाची बसली होती. नाकावरच्या तिळामुळे सगळे तिला ठिपकी म्हणत.

"काम थांबवा," पाऊसबाई म्हणाली. तिने सगळं सांगितलं.

त्याने भिंतीवरून वाकून पाहिलं. खाली पाणी गढूळ होऊन घुमत होतं.

"म्हणजे भिंत बुटकी आहे."

"हो."

"आणि नदी आटलीच तर?"

"तर लोक तुम्हाला हसतील. पण हसायला लोक राहतील."

"हे फोनवरही सांगता आलं असतं."

"फोनवर तुमचा चेहरा दिसला नसता." ती अडखळली. "मला पुराची भीती वाटते. पण इथे येताना... तुम्ही उद्यापासून येणार नाही, याचीच जास्त वाटत होती."

"राग आलाय मला. खूप." त्याने चेहऱ्यावरचा घाम पुसला. "उद्या साहेबांपुढे उभं राहायचंय. माझं एकट्याचं कोणी ऐकणार नाही. याल?"

"येईन."

"आणि परवा?"

"परवा काय आहे?"

"काही नाही. परवाही याल का, असं विचारतोय."

तिने वर पाहिलं. तोही घाबरलेलाच होता.

"येईन," ती हळूच म्हणाली. "रोज."

ठिपकी ढिगावरून उतरली. "आपलं घर भिंतीपेक्षा खाली आहे ना, मामा?"

मामाच्या आधी पाऊसबाईच बोलली, "हो. म्हणून तर भिंत वाढवायची."

"आणि त्याच्या आधीच पाणी आलं तर?"

मामा पाणी कुठवर चढलंय ते बघू लागला.

"तुमचं घर कुठे आहे?" ठिपकीने पाऊसबाईला विचारलं.

"टेकडीवर. वरच्या मजल्यावर."

ठिपकीने क्षणभर विचार केला. घरात गेली, आपलं पांघरूण घडी करून आणलं आणि तिच्या हातांवर ठेवलं. मग पुन्हा आत पळाली आणि मामाची उशी घेऊन आली.