फुलसिंगच्या नंबरावरची मुलं

झोळीची कडी करकरली आणि दुपारचं सामसूम घर दचकलं. शबानानं पायानं झोका दिला. बाळ पुन्हा निवलं. तोच फोन थरथरला.

"ताई, मन्ही काय चूक शे?" गोकुळचा आवाज रडवेला होता. "जहीरभाई म्हणतस, तूच यादीमाईन रिनानं नाव काढं."

त्यांची संस्था सातपुड्यातल्या पाड्यांवरून हृदयाला छिद्र असलेली मुलं शोधायची. गोकुळ पायी हिंडून माहिती मोबाइलमध्ये भरायचा. शबाना घरून आणि जहीरभाई नंदुरबारच्या ऑफिसातून ती सांभाळायचे. उद्या मणिबेलीकडच्या एका पाड्यावर होडी जाणार होती, मुलांना ऑपरेशनसाठी सुरतेला न्यायला. यादीत त्या पाड्यावरचा एकटा ईश्वर. सात वर्षांची रिना गायब.

"तिचं नाव कधी भरलंस?"

"शनिवारी. यादीमा दिसं बी."

"मग गेलं कधी?"

"मी ईश्वरनं नाव भरं, तवय."

"बाकी गावांची नावं?"

"सगळी जागावर शेतस."

एकाच पाड्यावर चोर शिरला?

"रिनाच्या नावापुढे फोन नंबर कोणाचा लिहिलास?"

"थट्टा करतस का, ताई? फुलसिंगदादाना. पाड्यावर दुसरा फोन कोठे शे? त्यालेबी रेंजसाठे टेकडीवर चढनं पडस."

शबानाचा झोळीवरचा पाय थांबला. तिनं लॅपटॉप ओढला, माहितीच्या तक्त्याची बांधणी उघडली. मग गोकुळला लाइनवर ठेवूनच जहीरभाईंना जोडलं.

"गोकुळनं काही पुसलं नाही, जहीरभाई. तक्ता बनवताना प्रत्येक रकान्याला नियम द्यावा लागतो. इथं मोबाइलच्या रकान्याला नियम आहे, एक नंबर एकदाच. तोच परत आला, तर जुनी नोंद जाऊन नवी बसते. रिनाला नंबर फुलसिंगचा, ईश्वरलाही फुलसिंगचाच. गोकुळनं ईश्वरला लिहिलं आणि तक्त्यानं रिनाला खोडलं. बाकी गावांत घरोघरी फोन, म्हणून तिथं काही हललं नाही. हा नियम मी दिलेला नाही. गोकुळला तिथं हातच लावता येत नाही. मग उरलं कोण?"



"एकेक पेशंट दोनदोनदा भरला जात होता, शबाना," जहीरभाई म्हणाले. "मला वाटलं, नंबर तर ज्याचा त्याचाच असतो."

"वा, भाई! नियम तुमना, अन् चोर मी!"

"ते राहू दे, गोकुळ. जहीरभाई, आत्ता नाव टाका. होडी उद्याची आहे."

"रकाना आत्ता दुरुस्त होईल गं. पण यादी सुरतेला गेली. दवाखान्यातल्या खाटा भरल्या. सकाळपासून तिथल्या तिघांच्या हातापाया पडलोय. आता पावसाळ्यानंतर."

शबानानं स्वतः सुरतेला फोन लावून पाहिला. "नाही होणार, मॅडम," एवढंच उत्तर. चार पावलं चाललं तरी रिनाचे ओठ निळे पडतात, असं गोकुळ म्हणाला होता.

फोन पुन्हा वाजला. फुलसिंगचा नंबर. आधी नुसता वारा, मग त्यातून धापा टाकणारा बारीक आवाज.

"ताई, मी रिना. दादानं खांद्यावर घेऊन वर आणलं मला. मी पिशवी भरली. उद्या होडीत ईश्वरच्या शेजारी बसू ना?"