पालथ्या पट्ट्यांचं गूढ

"तो दिव्यांचा डबा नको म्हणजे नको!" खटपटीने टेबलावर हात आपटला.

"पण कसला चमकतो तो! लाल, निळा, हिरवा..." तुफानने डोळेच मिटून घेतले.

"आणि आत काय घालायचं? हवा?"

"मी सांगू का?" प्रोफेसरने वहीतून डोकं वर काढलं. "त्या डब्याच्या पैशांत माहिती साठवायची अख्खी एसएसडी येते. नाव मोठं, लक्षण खोटं!"

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि भांडणाचा हा अकरावा प्रसंग होता. शाळेच्या प्रदर्शनात या तिघांनी गळक्या नळातून वाया जाणारं पाणी मोजणारं यंत्र मांडलं होतं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि बक्षिसाच्या रकमेत आपला पहिला कॉम्प्युटर आपल्याच हातांनी जोडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. खटपटी तेरा वर्षांची. चौथ्या वर्षापासून ती घरातली घड्याळं उघडत आली होती आणि हल्ली तर ती परत बंदही करत असे. तुफान तिची धाकटी बहीण, दाराला उंबरा असतो हे तिला अजून ठाऊकच नव्हतं. प्रोफेसर शेजारचा, खटपटीच्याच वर्गातला. त्याचा चष्मा जाड आणि वही त्याहून जाड.

दोघी बहिणींचे बाबा चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली अठरा वर्षं दुरुस्तीचं काम करत होते. त्यांनी मुलांना एकच अट घातली होती. "मी सांगेन, पण हात तुमचे. स्क्रूसुद्धा मी फिरवणार नाही."

आता भांडण ऐकून ते आत आले. "डबा राहू दे बाजूला. त्या कॉम्प्युटरवर तुम्ही करणार काय, ते आधी सांगा."

"मी प्रोग्रॅम लिहिणार!" खटपटी म्हणाली.

"मी ताऱ्यांचे नकाशे करणार," प्रोफेसर म्हणाला.

"आणि मी हलती चित्रं काढणार. उंदराची!" तुफान म्हणाली.

"बरं. मग चित्रांसाठी रॅम चांगली हवी. रॅम म्हणजे कामाचं टेबल. टेबल जेवढं मोठं, तेवढे कागद पसरता येतात. प्रोसेसर आणि मदरबोर्ड जुने घेतलेत तरी दहा वर्षं चालतील. पण पॉवर सप्लाय नवाच घ्यायचा. वीज नीट आली नाही तर बाकी सगळं मातीमोल!"

"आणि डबा?" तुफानने शेवटची आशा सोडली नव्हती.

"डबा भंगारातला."

"भंगारातला!"

"अगं, अंथरूण पाहून पाय पसरावेत," बाबा हसले. "रंग तुझ्या आवडीचा दे."

यादी तीनदा खोडली गेली. जुना मॉनिटर प्रोफेसरच्या आत्याने फुकट दिला, तेव्हा त्याने तिला वहीत 'थोर व्यक्ती' या सदरात टाकलं. भंगारातल्या डब्याचा गंज घासून घासून तिघांची बोटं तांबडी झाली. मग तुफानने त्याला पिवळाधमक रंग दिला. थोडा स्वतःलाही दिला.

गुरुवारी दुपारी सगळे भाग जमिनीवर पसरून तिघं बसली. वापरलेली रॅमची पट्टी तेवढी बाबांनी सकाळी दुकानात आपल्या ट्रेमधून उचलून खटपटीच्या हातात दिली होती. पंजाएवढ्या लांबीची हिरवी पट्टी, तिच्यावर पांढरं लेबल. "सोमवारी मीच तपासलीय," ते म्हणाले होते.

"आधी लोखंडाला हात लावा!" खटपटीने हुकूम सोडला. "अंगातली वीज चिपला गेली तर खेळ खलास."

तिघांनी डब्याला हात लावला. प्रोसेसर अलगद बसला, पंखा बसला, रॅम 'टक्' करून खाचेत गेली. दोन तास लागले आणि एकच स्क्रू हरवला. तो तुफानच्या केसांत सापडला.

"एक... दोन... तीन!"

खटपटीने बटण दाबलं. पंखा गरगरला. आणि मग, पीईईप! पीईईप! पीईईप! पडदा काळाच राहिला.

रॅम काढून पुन्हा बसवली. दुसऱ्या खाचेत बसवली. पुसून बसवली. पीईईप! प्रोफेसरने वही उघडली. "लांब शिट्टी म्हणजे रॅमची तक्रार. रॅम मेलेली आहे."

"शक्यच नाही!" खटपटी उसळली. "बाबांनी तपासलीय."

पट्टी घेऊन तिघं दुकानाकडे धावली आणि दारातच थबकली. आत नवे मालक बाबांशी तावातावाने बोलत होते. जुने मालक, म्हणजे यांचे वडील, पंधरा दिवसांपूर्वीच निवृत्त झाले होते आणि मुलाने गल्ल्याचा ताबा घेतला होता.

"दादा, पंधरवड्यातली ही तिसरी तक्रार! दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई झाल्या, विम्याच्या ऑफिसवाले झाले, आणि आज छापखान्याचे आजोबा. तिघांनाही मेलेली रॅम! तुम्ही तपासता म्हणजे नक्की काय करता?"

"मी प्रत्येक पट्टी तपासतो," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"मग मेलेली जाते कशी? राग मानू नका, पण वय झालं की नजर चुकते. एक तारखेपासून तपासणीला नवा माणूस येईल. तुम्ही खोकी पोचवायचं काम करा."

खटपटीच्या हातातली पट्टी हातातच राहिली. चौथी तक्रार करायला आली होती ती! तिने पट्टी खिशात घातली आणि मागे वळली. तिला रडू येत होतं. त्याहून जास्त राग येत होता.

संध्याकाळी बाबा घरी आले, पण नीट जेवले नाहीत. आईने दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "चूक माझीच असेल गं. हल्ली वाटतं, मीच विसरतो."

"तुम्ही विसरत नाही!" खटपटी ओरडलीच. मग तिने मेलेली पट्टी समोर ठेवली. "बाबा, ही तुम्ही दिलेली. वाईट वाटून घेऊ नका. फक्त एवढं सांगा, चांगल्या आणि वाईट पट्ट्या तुम्ही ओळखता कशा?"

बाबांनी पट्टी उचलून उलटसुलट केली. "सोपं आहे. तपासून झाली की चांगली पट्टी ट्रेमध्ये लेबल वर करून ठेवायची आणि वाईट पालथी. शनिवारी पालथ्या पट्ट्या गोळा करून भंगारात द्यायच्या. हल्ली त्या कमीच निघतात, मला वाटलं माल चांगला येतोय. अठरा वर्षं असंच करतोय."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" प्रोफेसरने पेन्सिल सरसावली.

"कुणाला कशाला सांगू? त्या टेबलावर मी एकटाच असतो."

"आणि आमची पट्टी कशी होती?"

"उताणी होती. म्हणून तर दिली!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे," तुफान म्हणाली, "पट्टीने रात्री कूस बदलली?"

"पट्टीने नाही बदलली," खटपटी म्हणाली. "कुणीतरी बदलली! बाबा, सकाळी तुम्ही दुकानात किती वाजता जाता?"

"दहाला. आधी दोन ऑफिसांत जाऊन मशिनं बघावी लागतात. दुकान नऊला उघडतं."

"नऊ ते दहा! घोडं तिथेच पेंड खातंय!" प्रोफेसर किंचाळला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिघं दुकानात हजर झाली. "काका, सुट्टी आहे. वायरींचा गुंता सोडवून देऊ?" असं खटपटीने विचारताच नवे मालक खूश झाले. फुकटची मदत कुणाला नको असते? गुंता सोडवता सोडवता खटपटीने संध्याकाळी ट्रेकडे नजर टाकली. सहा पट्ट्या होत्या. चार उताण्या, दोन पालथ्या. तिने त्या दोन हळूच उचलून लेबलावरचे बारीक आकडे पुटपुटत वाचले, प्रोफेसरने ते वहीत टिपले, आणि तिने पट्ट्या होत्या तशा पालथ्या ठेवल्या.

शनिवारी सकाळी पावणेनऊला तुफान दुकानासमोरच्या जिन्यावर जाऊन बसली. एका जागी बसण्याचा तिच्या आयुष्यातला हा विक्रमच म्हणायचा. साडेनऊला ती घरात वादळासारखी शिरली.

"पाहिलं! पाहिलं! मालककाका!"

"श्वास घे आधी!"

"त्यांनी शिट्टी वाजवत अख्खं दुकान पुसलं. मग ट्रे घेतला. एकेक पट्टी फडक्याने पुसली आणि सगळ्या लेबल वर करून रांगेत लावल्या. सैनिकांसारख्या! आणि मग लांबून बघून स्वतःशीच मान डोलावली!"

प्रोफेसर आनंदाने उडी मारणार, तोच खटपटीने त्याला धरलं. "थांब. आपण जाऊन सांगितलं तर ते म्हणतील, मी नाही केलं. बापाला वाचवायला पोरं खोटं बोलतात म्हणतील. त्यांच्या तोंडूनच यायला हवं. तेही चारचौघांत."

"कसं?"

"हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं!"

अकरा वाजता दुकानात गर्दी होती. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, छापखान्याचे आजोबा आपली मेलेली रॅम आपटत उभे होते. बाबा टेबलाशी मान खाली घालून बसले होते. हातगाडीवर पिवळाधमक डबा आणि मॉनिटर घेऊन तिघं आत शिरली.

"अय्या, काका!" खटपटी मोठ्याने म्हणाली. "दुकान किती चकाचक झालंय हो! पूर्वी नव्हतं असं."

मालकांनी कॉलर सारखी केली. "पंधरा दिवसांत केलंय मी."

"आणि हा ट्रे! सगळ्या पट्ट्या कशा एका रेषेत. एवढं नीटनेटकं काम कोण करतं?"

"कोण म्हणजे? मीच! रोज सकाळी नऊला, माझ्या हातांनी! पूर्वी काही उताण्या, काही पालथ्या, कशाही पडलेल्या असायच्या. गिऱ्हाइकाला लेबल दिसायला नको? एक पट्टी वाकडी दाखव, बक्षीस देतो!"

बाबांनी मान वर केली.

"बक्षीस नको," खटपटी म्हणाली. "दोन पट्ट्या तपासू द्या. प्रोफेसर, आकडे!"

प्रोफेसरने आकडे वाचले. तिने सहांतल्या नेमक्या दोन पट्ट्या निवडल्या आणि एक तपासणीच्या मशीनमध्ये बसवली. पीईईप! दुसरी बसवली. पीईईप!

"या दोन्ही काल संध्याकाळी पालथ्या होत्या, काका. बाबांनी तपासून, वाईट म्हणून पालथ्या ठेवल्या होत्या. तुम्ही आज सकाळी त्या उताण्या केल्यात. डॉक्टरीणबाईंची, आजोबांची, आमची, सगळ्या अशाच उताण्या झाल्या. माझ्या बाबांची नजर चुकली नाही!"

तिने मेलेल्या दोन्ही पट्ट्या काउंटरवर ठेवल्या.

मालकांचा चेहरा पडला. ते ट्रेकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातातल्या फडक्याकडे. "अरे देवा... आणि मी दादांना काय काय बोललो!"

"हात दाखवून अवलक्षण ते हेच!" छापखान्याचे आजोबा म्हणाले.

"पण बाबा," खटपटी वळली. हे बोलणं तिला सगळ्यांत जड गेलं. "तुमचीही थोडी चूक आहे. चांगलं-वाईट एकाच ट्रेमध्ये, आणि खूण फक्त तुमच्या डोक्यात. टाळी एका हाताने वाजत नाही."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. चारचौघांत मुलीने चूक काढली, आता हे काय म्हणतात? बाबा उठले. त्यांनी टेबलाखालून पत्र्याचा एक रिकामा डबा काढला, वाईट पट्ट्या त्यात टाकल्या आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मेलेल्या'.

"बरोबर बोललीस," ते म्हणाले. "अठरा वर्षांत हे मला सुचलं नाही."

मालक काउंटरच्या बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी बाबांपुढे हात जोडले. "दादा, चुकलो. तपासणीचं टेबल तुमचंच. नवा माणूस आलाच, तर तुमच्या हाताखाली शिकेल. ट्रेला मी पुन्हा बोटही लावणार नाही!"

"पुसा की," तुफान म्हणाली, "पण उलटू नका!"

सगळे खो खो हसले. डॉक्टरीणबाईंनी प्रोफेसरची वही मागून घेतली, चाळली आणि म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यातसुद्धा इतक्या नीट नोंदी नसतात हो!" प्रोफेसरचे कान लालबुंद झाले.

मग बाबांनी आपली खुर्ची मागे ओढली. "खटपटी, बस इथे. उरलेल्या चार तू तपास. मी बघणारसुद्धा नाही."

अठरा वर्षांत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. खटपटीने आधी लोखंडाला हात लावला. मग एकेक पट्टी घेऊन तिने मशीन चालू केलं, तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबली, पुन्हा एकदा तपासलं. कुणी घाई केली नाही. चारही पट्ट्या धडधाकट निघाल्या. त्यातली एक तिने पिवळ्या डब्यात बसवली.

"बटण मी दाबणार!" तुफान ओरडली, आणि दाबलंही.

पंखा गरगरला. एकच छोटी शिट्टी. आणि पडदा उजळला! प्रोफेसरने वही हवेत उडवली. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मालक तर सगळ्यांत जोरात वाजवत होते.

तेवढ्यात छापखान्याचे आजोबा काउंटरवर टकटक करत पुढे आले. "कौतुक झालं असेल तर माझंही बघा. मशीन चार दिवस बंद आहे माझं. रॅम द्या मला. पण आधी सांगा, यावेळी नीट तपासली कुणी?"

मालकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ट्रेमधली एक पट्टी उचलली, कागदात गुंडाळली आणि आजोबांच्या हातात ठेवली.

"माझ्या मुलीने तपासलीय," ते म्हणाले.

आजोबांनी खुर्चीवर बसलेल्या खटपटीकडे चष्म्यावरून पाहिलं. मग पट्टी खिशात घातली.

"मग काळजी नाही," ते म्हणाले आणि निघाले.