न काळवंडणारी दाढी

तळेगावच्या बाहेर, पूर्वी कोंबड्या असायच्या त्या शेडमध्ये आता काचेच्या पेट्या होत्या. प्रत्येक पेटीत उबेच्या दिव्याखाली एकेक दाढीवाला सरडा ऐसपैस पसरलेला. कुणी लिंबाच्या रंगाचा, कुणी डाळिंबी, कुणी काटेरी, कुणी चामड्यासारखा गुळगुळीत. शेवटच्या रांगेत होते विश्वजीतदादाचे लाडोबा. अंगावर एक खवला नाही, रंग गुलाबी, हात लावला तर मऊसूत. त्या जातीचं नावच ‘रेशीम’ ठेवलं होतं.

रोज सकाळी उत्तरा दळवी त्यांची दाढी-परीक्षा घ्यायची. पेटीत हात घालायचा आणि हनुवटीखाली बोटाने टोचायचं. सरडा चिडला की गळा फुगतो, काटे उभे राहतात आणि दाढी कोळशासारखी काळी पडते. काळी पडली तर सरडा तापट, नाही पडली तर शांत. सरडे पाळणारे सगळे असंच करत आले होते. रेशीम दर वेळी पहिल्या नंबराने पास! म्हणून तर दादाने त्यांच्या जाहिरातीत ‘लहान मुलांसाठी खास’ असं ठोकून दिलं होतं.

आज मात्र उत्तराने पेटीत हात घातला नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“टाके पडलेत, दादा. डोळ्याच्या खाली. जरा वर चावली असती तर पोरीचा डोळा गेला असता!”

“इराच धसमुसळी आहे,” विश्वजीत म्हणाला. स्वतःच्या लेकीबद्दल बोलत होता हा माणूस! नमुना म्हणून त्यानेच ती रेशीम मादी घरी नेली होती. “तिनेच डिवचलं असणार.”

“तिने नुसती मांडीवर घेतली होती. मला म्हणाली, आत्या, ती तर हसत होती.”

“मग झालं तर.”

“काय झालं? सरडा हसतो का कधी? धमकी देताना तो तोंड वासतो. काटे नाहीत, काळेपणा नाही, मग पोरीला ते हसणंच वाटणार.”

तिने खणातून दोन ताणपट्ट्या काढल्या. ही पट्टी कातडीला चिकटवली की अंगातली तणावाची रसायनं मोजते आणि जितका ताण जास्त, तितकी लाल होते. एक पट्टी तिने म्हाताऱ्या काटेरी मादीला लावली, दुसरी एका रेशीम सरड्याला. मग हातमोजा चढवून दोघांना टोचलं. काटेरी मादीची दाढी झर्रकन काळी पडली, पट्टी लाल झाली. रेशीम तसाच गुलाबी, गोंडस. त्याची पट्टी मात्र रक्तासारखी लालभडक झाली आणि पुढच्याच क्षणी त्याने मोज्याचा लचका तोडला.

“बघ!” उत्तरा ओरडली. “यांच्या जनुकांतून दाढीचा काळा रंग मी खोडला. काटे तू खोडायला लावलेस. राग कुणीच खोडला नाही. आणि वर आपण दाढी बघूनच ठरवतोय, हा शांत आहे म्हणून. इतके गाढव आपण!”

विश्वजीतने पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. “मग पट्टी लावू नकोस. दिवाळीसाठी सगळी अंडी बुक झालीत. काळ्या थोबाडाचं जनावर कुणाला हवंय? आणि तू का एवढी आग पाखडतेस? घरात सगळ्यांत शांत तू. तुला कधी राग आलेला मी तरी पाहिला नाही.”

उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला. या शेडसाठी बंगळूरची प्रयोगशाळा सुटली, तेव्हा राग आला होता. शेडवर फक्त दादाचं नाव लागलं, तेव्हाही आला होता. मुलीच्या जातीने चेहरा हसरा ठेवावा, असं आईने शिकवलं होतं आणि तिने तो ठेवला होता. आताही ओठ आपोआप हसलेच.

“हां, झालं ना डोकं थंड?” विश्वजीतने समाधानाने मान हलवली. “जा, अंड्यांवर शेवटची नजर टाक.”

उबवणीच्या खोलीत दिवाळीची अंडी ओलसर भुकटीत अर्धवट पुरून ठेवली होती. जनुकलेखणी म्हणजे प्रकाशाची एक सुई. ती कवच न फोडता आतल्या गर्भाची जनुकं बदलते. कातडी धरेपर्यंत लिहिलेलं पुन्हा पुसता येतं आणि या अंड्यांत ती अजून धरली नव्हती. ही पिल्लं मुलांच्याच मांडीवर जाणार होती.

तिने दार लावून घेतलं आणि एकेक अंडं सुईखाली धरलं. खवले परत दिले, काटे परत दिले, दाढीचा काळा रंग परत दिला. अंगाचा गुलाबी तेवढा राहू दिला. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. एकही अंडं तिने सोडलं नाही.

शेवटचं अंडं जागेवर ठेवून तिने दार उघडलं, तेवढ्यात विश्वजीत चहाची कपबशी घेऊन आला.

“सगळी शांत निघतील ना गं?”

“निघाली की तुला बघता येईल, दादा,” ती म्हणाली. “पहिलं पिल्लू निघालं की तूच हात घाल.”

विश्वजीतने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोच ओळखीचा, हसरा चेहरा. निश्चिंत होऊन त्याने कपबशी तिच्या हातात दिली. कप बशीवर खडखडत होता. तो आवाज त्याने ऐकला असेल का?