दाब आणि सोड

क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारा माणूस मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. इंजिन ओरडत असतं आणि गाडी त्या मानाने पुढे जात नसते. एकतीस वर्षं मी एका कारखान्यात सुटे भाग तपासायला होतो. केसाएवढा फरक दिसला तरी भाग बाजूला काढायचा आणि त्यावर लाल शिक्का मारायचा. घरी मला माझ्यामागे 'नापास' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. सांगायचं एवढंच, की जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास आहे, आणि पुढचं सगळं मी जमेल तिथे मोजून पाहिलेलं आहे.

गाडी माझ्या वडिलांची, अण्णांची. बावन्न वर्षं जुनी, फिकट हिरवी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. अण्णा गेल्यापासून ती शेडमध्ये कव्हर पांघरून उभी होती. मग आमच्या मुलीला घाटापलीकडच्या इस्पितळात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि आजोबांची गाडी घेऊनच जाणार असं तिने जाहीर करून टाकलं. रुजू व्हायला अठरा दिवस होते. एकुलती एक लेक, आणि हट्टीपणा माझ्याचकडून आलेला. मी हो म्हणालो.

क्लचप्लेट संपलेली होती. मूळ कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं होतं, म्हणून दुसऱ्या एका कारखान्याने त्याच मापाची बनवलेली मागवली. बसवली आमच्या डॉक्टरने. हा डॉक्टर म्हणजे गॅरेजवाला. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावतो, म्हणून डॉक्टर. त्याच्याकडचे रोगी सहसा वाचतात.

सातव्या दिवशी मुलगी एकटीच सराव करायला पाण्याच्या टाकीच्या चढावर गेली. अर्ध्या चढात इंजिन ओरडायला लागलं, गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. मागे विटांचा ट्रक होता. तिने ब्रेक दाबला तेव्हा दोघांमध्ये वीतभर जागा उरली होती. हे सगळं तिने आम्हाला हसत हसत सांगितलं, पण दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"पाय क्लचवर होता का?" मी विचारलं.

"नाही."

"नीट आठवून सांग."

"बाबा, तुम्हीच शिकवलंय ना मला? नव्हता."

डॉक्टरने गिअरबॉक्स उतरवला आणि प्लेट माझ्या हातात दिली. अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडले होते. नवी प्लेट नीट वापरली तर वर्षानुवर्षं टिकते. ही दोनशे बारा किलोमीटर टिकली होती.

"माल लोकल आहे, साहेब. दुसरं काय?"

मला ते पटलं नाही. वाईट मालाचे तुकडे पडतात, त्याला चिरा जातात. ही प्लेट सगळीकडून सारखी घासली गेली होती. कुणीतरी पाय अर्धवट दाबून सतत ठेवला, तरच अशी घासते. पण डॉक्टरपुढे स्वतःच्या लेकीला खोटं कसं पाडायचं?

दुसरी प्लेट वेगळ्या कारखान्याची आणली. बसवण्याआधी नऊ ठिकाणी तिची जाडी मोजली आणि वहीत लिहून ठेवली. नंतर मी मुलीच्या शेजारी बसलो आणि अख्खा रस्ताभर तिच्या डाव्या पायाकडे बघत राहिलो. गिअर बदलताना तो पेडलवर जायचा आणि लगेच खाली मॅटवर यायचा, पेडलच्या डावीकडे. याहून शहाणा पाय मी पाहिलेला नाही.

परतीच्या वाटेवर वास यायला लागला, दोरी जळल्यासारखा. मी खाली वाकलो. तिचा पाय मॅटवर होता. क्लचचं पेडल ब्रेकच्या पेडलपेक्षा दोन बोटं खाली होतं.

"थांबव," मी म्हणालो. तिने गाडी बाजूला घेतली. पुन्हा पाहिलं तर दोन्ही पेडलं एका पातळीत होती.

त्रेचाळीस किलोमीटरमध्ये अर्धं अस्तर गेलं होतं. पेडलचा रॉड, स्प्रिंग, पेडल दाबलं की खाली सरकणारा फोर्क, सगळं मी स्वतः तपासलं. कुठेही काहीही अडकत नव्हतं.

"अण्णांचा जीव होता तिच्यावर," बायको भांडी पुसत म्हणाली. "लांब जाऊ द्यायचं नसेल त्यांना."

मी तिच्यावर खेकसलो. पण ती झोपल्यावर मीही त्याच वाटेने विचार करून पाहिला. मला शिकवताना अण्णा हातात पट्टी घेऊन बसायचे. पाय क्लचवर रेंगाळला की गुडघ्यावर फटका. त्यांचा क्लच तेवीस वर्षं चालला होता. अण्णा असते तर मला बरंच वाटलं असतं. हे काम अण्णांचं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

तिसरी प्लेट शुक्रवारी दुपारी बसली. मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. क्लच जुळवताना एक माणूस गाडीत बसतो आणि एक खाली. खालचा 'दाब' म्हणतो, वरचा पेडल दाबतो. खालचा 'सोड' म्हणतो, वरचा सोडतो. खालच्याला वरचा माणूस दिसत नाही, त्याला फक्त फोर्क हललेला दिसतो. सगळ्या गॅरेजांत असंच चालतं. मुलगी गाडीत बसली, मी आणि डॉक्टर बॅटरी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो.

"दाब," डॉक्टर म्हणाला. फोर्क सरकला.

"सोड." परत आला.

दाब, सोड. दाब, सोड. डॉक्टर नट अर्धा आटा फिरवायचा आणि पुन्हा सांगायचा. पंधरा-वीस वेळा झालं असेल. सगळं मापात होतं. मला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

"दाब," डॉक्टर म्हणाला, आणि फोर्क सरकला.

"चहा निवतोय हं तुमचा," मुलगी म्हणाली.

आवाज वरून नाही, बाजूने आला. मी मान वळवली. खड्ड्याच्या काठावर तिच्या चपला दिसत होत्या. हातात दोन ग्लास होते.

"तू कधी उतरलीस?" मी विचारलं.

"मघाशीच. पाच-सात वेळा दाबलं आणि उतरले. ओरडून सांगितलं की मी तुम्हाला."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. फोर्क अजून दाबलेलाच होता.

"सोड," डॉक्टर कुजबुजला.

फोर्क परत आला.

आम्ही दोघं हललो नाही. बॅटरीचा उजेड मी फोर्कवरच धरून ठेवला.

मग कुणीही काही न म्हणता फोर्क सरकला. अर्धाच. आणि तिथेच राहिला, पाय टेकवून कुणी निवांत बसावं तसा.

मी खड्ड्यातून वर आलो तो कोपर सोलवटूनच. गाडीत कोणी नव्हतं. पेडल दोन बोटं खाली होतं.

"उद्या तू बसने जायचंस," मी म्हणालो.

ती चिडली, रडली, जेवली नाही. मी ऐकलं नाही. त्या ट्रकपासून वाचली ती वीतभर अंतराने. घाटात तेवढीही वीत मिळायची नाही. शनिवारी सकाळी मी तिला बसमध्ये बसवून दिलं. ड्रायव्हरच्या मागचीच खिडकीची जागा मिळाली. बस वळणाआड गेली तेव्हा मला हसू फुटलं. वेड्यासारखा हसलो मी स्टँडवर.

तिथून सरळ गॅरेजमध्ये गेलो. डॉक्टरला मनातून यायचं नव्हतं, पण तो खड्ड्यात उतरला. अर्धा तास आम्ही रिकाम्या गाडीखाली उभे राहून 'दाब' म्हणत होतो. फोर्क तसूभरही हलला नाही. मग मी स्वतः ती टाकीच्या चढावर नेली. एकदा नाही, पाच वेळा. वास नाही, इंजिनाची ओरड नाही. गाडी लोण्यासारखी चढली.

"मग काय साहेब, पास?" डॉक्टरने विचारलं. त्याच्याही चेहऱ्यावर आता रंग आला होता.

"पास," मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून गेला आणि मी हातातलं फडकं खाली ठेवलं. गाडीत काल दुपारपासून कोणी काही बदललं नव्हतं. नट तोच, प्लेट तीच, स्प्रिंग तीच. कालच्यात आणि आजच्यात फरक एकच होता. एकतीस वर्षं मी वस्तू तपासल्या. तेच डोळे घेऊन मी अडीच आठवडे गाडी तपासत राहिलो. दर वेळी तिच्याजवळ कोण होतं, ते मी तपासलंच नाही.

मी मुलीला फोन लावला. चौथ्या वेळी तिने उचलला.

"अहो बाबा, घाटात रेंज जातेय सारखी. बस चढावर थांबलीय. ड्रायव्हर म्हणतोय क्लच गेला. दुसरी बस येतेय."

"तू आहेस कुठे?"

"आतच. बाकी सगळे सावलीला उतरलेत. माझ्या मांडीवर केवढी बॅग आहे."

"बॅग राहू दे. खाली उतर."

"उतरते हो. पण एक गंमत ऐका ना. माझ्या सीटपुढे, डाव्या पायाखाली काहीतरी आहे. दाबलं की खाली जातं."

"पाय काढ त्यावरून."

"काढलाय," ती म्हणाली. "मघाशीच काढलाय. पण ते वर येत नाहीये."

"उतर आधी. ऐकतेस ना? चाकांना दगड लावलेत का?"

"लावलेत की. मीच पाहिलं." ती थांबली. नंतर बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "बाबा, खिडकीतलं झाड पुढे चाललंय."