भिंतीला रंग नको

शिडीवरून पिवळ्या रंगाचा थेंब निसटला आणि थेट शाळेच्या बाईंच्या बाहीवर पडला. बाई चिडून वर बघतात तो काय... कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक उंच तरुण, कानापर्यंत लाल झालेला. "माफ करा... पुसून देऊ का?" म्हणत त्याने हातातला ब्रशच पुढे केला. बाईंना हसू आवरेना. त्या दिवसापासून मनातल्या मनात त्याचं नाव रंगराव.

कंपनी दरवर्षी समाजसेवा म्हणून शाळेची तीच भिंत रंगवायची. भिंतीला आता रंगाचं ओझं झालं होतं, पण फोटो झकास यायचे. रंगराव त्या टोळीचा म्होरक्या. मुलांशी हसायचा, बाईंशीही हसायचा. आणि इथेच सगळा घोळ होता. हा माझ्याकडे बघून हसतो, की गरजू शाळेत हसायचं असतं म्हणून हसतो? वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, पगार मिळतो म्हणून कुणाचे कान लाल होत नाहीत. बाईंना ते पटलं, आणि चहा होईपर्यंत पुन्हा पटेनासं झालं.

यंदा तो एकटाच पाहणीला आला. "भिंत रंगवायची ना?" त्याने विचारलं. आवाजात जरा जास्तच आशा होती – की आपलं उगीच वाटलं?

शाळेत पाणी नव्हतं. संडास कोरडा, म्हणून मोठ्या मुली दुपारीच घर गाठायच्या. पण पाण्याचं काम कंपनीतले दुसरे लोक बघायचे. पाणी मागितलं तर रंगरावाला इथे यायचं कारणच उरणार नव्हतं. 'हो' अगदी जिभेवर आलं...

"भिंतीला रंग नको," बाई म्हणाल्या. "पाणी हवंय."

तो मान हलवून निघून गेला. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर सोपी बेरीजही चुकवली.

टाकी बसली, नळ आला. दुसरेच लोक येऊन फोटो काढून गेले. मुली शाळा सुटेपर्यंत थांबू लागल्या. बाईंना आनंद झाला आणि रडूही आलं. कोणतं कशासाठी, त्यांचं त्यांनाच कळेना.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर फाटकात तो उभा. टी-शर्ट नाही, फोटोवाला नाही, अंगात चुरगळलेला साधा शर्ट.

"आज कंपनीचं काय काम काढलंत?"

"कंपनीचं काही नाही." कान लाल. "पाण्यासाठी मीच मागे लागलो होतो. त्यात माझं इथे यायचं कारण गेलं... म्हणून आज विनाकारण आलोय. चालेल ना?"

बाईंनी नळाखाली पेला धरला, काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण यापुढे कारण घेऊन यायचं नाही."